सोलापुरात स्वतःचं घर बांधताय? सातबाऱ्यापासून भोगवट्यापर्यंतची वाट

आपल्याकडे पायाभरणीचा मुहूर्त आधी निघतो, ठेकेदार त्याच आठवड्यात ठरतो आणि महानगरपालिकेच्या नगररचना विभागाची पायरी खड्डे खणून झाल्यावर चढली जाते. हाच क्रम उलटा केला तर निम्मा त्रास वाचतो. बांधकाम परवानगीचं सगळं प्रकरण एकाच प्रश्नाभोवती फिरतं: कागदावर जे आहे तेच जमिनीवर आहे का? प्लॉट घेताना हा प्रश्न सातबाऱ्याला विचारायचा, जोत्याच्या वेळी नकाशाला आणि शेवटी उभ्या घराला. जिथे उत्तर ‘नाही’ येतं तिथे फाइल अडकते.

खालचे टप्पे एका कुटुंबाच्या राहत्या घरासाठी आहेत, म्हणजे तळमजला आणि वर एक-दोन मजले. अपार्टमेंटचं गणित वेगळं.

१. जागा कोणाच्या हद्दीत आहे ते पाहा

१९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावं सोलापूर महानगरपालिकेत आली. ‘आमचं गाव आहे, ग्रामपंचायतीचा जुना उतारा आहे’ हे तिथे आता चालत नाही. परवाना महापालिकेचाच लागतो. उलट शहराला लागून असलेली काही वस्ती अजूनही हद्दीबाहेर आहे. विक्रेता ‘सोलापूर’ म्हणून विकतो, पण तिथे परवानगी देणारं प्राधिकरण दुसरं असतं. तेव्हा गट क्रमांक आणि गावाचं नाव घेऊन आधी नगररचना विभागात खात्री करा. तिथेच भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. जागा निवासी पट्ट्यात आहे, की विकास योजनेतल्या रस्त्यात किंवा आरक्षणात जाते, हे त्यावरून कळतं. हा कागद व्यवहाराआधी काढायचा असतो. खरेदीखतानंतर काढून फक्त हळहळ होते.

२. जमिनीचे कागद: खरी अडचण इथेच असते

प्रकरणं अडतात ती नकाशामुळे कमी आणि मालकीच्या कागदांमुळे जास्त. ही यादी घ्या आणि एकेक कागद समोर ठेवून वाचा:

- नोंदणीकृत खरेदीखत
- चालू तारखेचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. जागा सिटी सर्व्हेत असेल तर मालमत्ता पत्रक
- तुमच्या नावाचा मंजूर फेरफार
- मंजूर रेखांकन, म्हणजे लेआउटचा शिक्क्याचा नकाशा, आणि त्याचा आदेश
- बिनशेती आदेश, किंवा रूपांतर कर भरल्याचा पुरावा
- मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला (मोकळ्या प्लॉटलाही कर असतो, हे लोक विसरतात)
- जागेवर बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र

सातबाऱ्यावर तीन जागी नजर टाका. पहिली, भोगवटादार वर्ग. वर्ग २, म्हणजे सरकारी निर्बंध असलेली जमीन, असेल तर सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरी, ‘इतर हक्क’ हा रकाना. कूळ, बोजा, वारसांचा वाद, न्यायालयाची मनाई हे सगळं तिथे बसलेलं असतं. तिसरी, क्षेत्र. खरेदीखतात १५०० चौरस फूट आणि सातबाऱ्यावर आर-चौरस मीटरमध्ये वेगळाच आकडा असेल, तर तपासनीस लहान आकडा धरतो.

हद्दवाढ भागातला नेहमीचा सापळा म्हणजे गुंठेवारी. शेताचे तुकडे पाडून, मधे दहा-बारा फुटांचा रस्ता दाखवून प्लॉट विकले जातात. लेआउट मंजूर नसतो आणि एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात. अशा प्लॉटवर थेट बांधकाम परवाना मिळत नाही. आधी २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमितीकरण करून घ्यावं लागतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० आहे. म्हणजे त्या तारखेनंतर पाडलेला तुकडा या दारातून आत येत नाही. नोटरीवर किंवा शंभराच्या स्टँपवर घेतलेली जागा तर मालकी म्हणून कुठेच धरली जात नाही. ‘सगळ्यांनी असंच घेतलंय’ हे खरं असलं तरी फाइलला जोडायला तो कागद होत नाही.

जुन्या पेठांमधल्या जागेचं दुखणं निराळं. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव, वारस पाच, त्यातले दोन पुण्यात. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र लागतं. भाडेकरू असतील तर त्यांचा प्रश्न आधी मिटवा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर धाब्याचं घर उतरवण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा आणि लेखी संमती घ्या. धाब्याच्या घराची माती-दगडाची भिंत एका बाजूचा आधार गेला की दुसऱ्या बाजूनेही सुटते.

३. मोजणी करून घ्या

भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीला शुल्क जास्त. हद्द कायम करून मिळालेला मोजणी नकाशा परवानगीच्या फाइलला लागतोच, पण त्याचा खरा उपयोग जागेवर होतो.

मोजणीआधी स्वतः टेप लावून पाहा. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ५८ फूट पावणेचार इंच भरले पाहिजेत. एक कर्ण ५७ आणि दुसरा साडेएकोणसाठ आला, तर चारही बाजू बरोबर असूनही प्लॉट तिरका आहे. नकाशा चौकोनी काढला आणि जागा तिरकी निघाली, की एका कोपऱ्यात समासाचं, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेचं, अंतर कमी पडतं. हे जोत्याच्या वेळी उघड होतं, तेव्हा कॉलम उभे राहिलेले असतात.

शेजाऱ्याचं कंपाउंड म्हणजे हद्द नव्हे. ते तुमच्या जागेत फूटभर आलेलं असू शकतं, नाहीतर त्यानेच फूटभर आत घेतलेलं असतं.

४. वास्तुविशारद आणि नकाशा

अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फतच जातो. त्याच्याशिवाय संरचना अभियंता, म्हणजे आर.सी.सी. डिझाइन करणारा, वेगळा नेमा. ‘गवंड्याला सगळं माहीत आहे’ या भरवशावर कॉलमची सळई ठरवू नका. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा हादरा सोलापूरलाही जाणवला होता.

नियम पुस्तक एकच: डिसेंबर २०२० पासून लागू झालेली राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. कार्यालयात तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्यातल्या दोन गोष्टी घरमालकालाही समजल्या पाहिजेत.

पहिली, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. दाट वस्तीबाहेर, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ एफएसआय १.१० आहे. ३० बाय ५० चा प्लॉट १३९.३५ चौ. मी. म्हणजे मूळ बांधकाम १५३ चौ. मी., साधारण १६५० चौरस फूट. निवासी बांधकामाला यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळतो, त्याला सगळे ‘ॲन्सिलरी’च म्हणतात. आता बाल्कनी, जिना, भिंतीची जाडी हे सगळं बाहेरच्या रेषेपासून क्षेत्रात धरलं जातं. जुन्या घरांत जिना-बाल्कनी ‘फुकटात’ मिळायची, तो हिशेब डोक्यातून काढून टाका.

दुसरी, समास, म्हणजे चारही बाजूंनी सोडायची मोकळी जागा. ती प्लॉटचं क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरते. समजा तुमच्या प्लॉटला पुढे ३ मीटर, मागे दीड आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर लागू झालं. ९.१४ बाय १५.२४ मीटरच्या प्लॉटवर मग ६.१४ बाय १०.७४ मीटर उरतात, म्हणजे ६६ चौ. मी., जेमतेम ७१० चौरस फूट. १६५० फूट एफएसआय आहे म्हणून खाली १२०० फूट बांधता येत नाही, ते असं. घराची स्वप्नं या ७१० फुटांत बसवून मग नकाशा काढायला सांगा.

नकाशात हमखास चुका होतात त्या अशा: बाहेरचा जिना समासात काढणं, पार्किंग दाखवून तिथे दुकान गाळा करायचा बेत ठेवणं, छज्जा ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर काढून त्यावर कपाट किंवा संडास चढवणं, खोलीची उंची २.७५ मीटरच्या खाली नेणं. आणि वास्तुशास्त्र! ज्यांना ते पाहायचं आहे त्यांनी नकाशा मंजुरीला जाण्याआधी पाहावं. मंजुरीनंतर ‘जिना ईशान्येला नको’ म्हणून तो नैर्ऋत्येला हलवला की सुधारित नकाशा, सुधारित शुल्क आणि पुन्हा तीच रांग.

५. बाहेरचे ना हरकत दाखले

प्रत्येकाला लागत नाहीत, पण लागले तर महिने खातात. म्हणून आधी तपासा.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आसपास, म्हणजे मजरेवाडी, कुमठे, जुळे सोलापूरचा काही भाग, इथे इमारतीच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा लागू शकते. ही उंची जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजतात आणि तीत गच्चीवरची टाकीही धरली जाते. या मर्यादेचं वजन किती, हे २०२३ साली विमानांना अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली तेव्हा सगळ्या शहराने पाहिलं.

भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचं ना हरकत. प्लॉटवरून किंवा बाजूने वीजवाहिनी जात असेल तर आडवं अंतर ११ केव्हीला किमान १.२ मीटर आणि ३३ केव्हीला २ मीटर हवं. हे अंतर बाल्कनीच्या टोकापासून मोजतात, भिंतीपासून नाही. आवारातलं कडुलिंबाचं झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. रात्रीतून तोडलेलं झाड शेजाऱ्यांच्या फोनमध्ये असतं.

६. अर्ज, शुल्क आणि ‘परवानगी लागत नाही’ हा गैरसमज

अर्ज शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर वास्तुविशारदाच्या खात्यातून जातो. संगणक नकाशातले समास, क्षेत्रं, उंची तपासतो. त्रुटी निघाली की शेरा येतो. तुमचा मोबाइल क्रमांक अर्जात बरोबर घाला, म्हणजे फाइल कुठे आहे ते तुम्हालाही कळत राहील. वास्तुविशारदाकडून ‘महापालिकेत पेंडिंग आहे’ असं ऐकून महिना जातो आणि प्रत्यक्षात त्रुटीची पूर्तता त्याच्याकडेच पडून असते.

लहान प्लॉटसाठी नियमावलीत सवलत आहे. १५० चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटवर, नियमात बसणारा नकाशा वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रासह दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवाना धरली जाते. यातूनच ‘पंधराशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ ही म्हण तयार झाली. म्हण अर्धवट आहे. नकाशा लागतो, शुल्क लागतं, समास-एफएसआय सगळं लागतं. फक्त छाननीची वाट पाहावी लागत नाही, आणि नकाशा चुकला तर जबाबदारी तुमची आणि वास्तुविशारदाची.

इथे एक बारीक खोच आहे. सोलापुरात प्लॉट गुंठ्यात बोलतात. एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणून दीड गुंठा म्हणजे १६३३.५ चौरस फूट, म्हणजेच १५१.७६ चौ. मी. पावणेदोन चौरस मीटरनी दीड गुंठेवाला या सवलतीबाहेर पडतो आणि त्याचं नुसत्या पावतीवर भागत नाही. मोजणी नकाशावरचा आकडा पाहिल्याशिवाय कोणता मार्ग ते ठरवू नका.

शुल्कात काय काय असतं: छाननी शुल्क, रेडी रेकनरशी (जमिनीच्या सरकारी दरांच्या तक्त्याशी) जोडलेलं विकास शुल्क, पूरक एफएसआय घेतला तर त्याचं अधिमूल्य आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर (ठरावीक खर्चाच्या आतल्या स्वतःच्या राहत्या घराला यातून सूट असते). चलन ऑनलाइन भरा, पावती जपा. ‘सगळं मिळून एवढे द्या’ असा एकच गोल आकडा कोणी सांगितला तर त्यातलं चलनाचं किती, ते विचारा.

७. परवाना आला: आता तो वाचा

प्रारंभ प्रमाणपत्राच्या, म्हणजेच बांधकाम परवान्याच्या, मागे अटींची यादी असते आणि ती कोणी वाचत नाही. मुदत एक वर्ष. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे दरवर्षी मुदतवाढ घेता येते, ती जास्तीत जास्त तीन वर्षं. या काळात काम जोत्यापर्यंतही गेलं नाही तर नव्याने अर्ज. मुदत संपायच्या आधी अर्ज करा, नंतर नाही. बँकेच्या कर्जासाठी नकाशा मंजूर करून दोन वर्षं थांबणारे इथेच फसतात.

मंजूर नकाशाची एक प्रत जागेवर, प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. ठेकेदाराला वास्तुविशारदाच्या मोबाइलवरचा ‘वर्किंग’ नकाशा मिळतो आणि तो मंजूर नकाशापेक्षा वेगळा असू शकतो. दोन्ही शेजारी ठेवून बाहेरची मापं जुळवा.

८. आखणी, पाया आणि जोता

आखणीच्या दिवशी वास्तुविशारद जागेवर हवाच. हद्दीच्या दगडापासून दोरी धरून समास मोजा. लक्षात ठेवा, समास प्लास्टर झालेल्या भिंतीपर्यंत धरला जातो. कॉलमच्या मध्यापासून मोजून आखलं तर भिंत आणि प्लास्टर मिळून सहा-सात इंच समासात घुसतात. सोलापुरातल्या निम्म्या जोत्यांचं दुखणं हेच असावं.

पाया किती खोल, याला ‘पाच फूट’ असं ठरलेलं उत्तर नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुटिंग (कॉलमचा पाया) तिच्यात बसलं तर दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. काळी माती संपून पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा, आणि खड्डा पाहून संरचना अभियंत्याने होकार दिल्यावरच पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळईचं कॉंक्रीट, टाका. जोत्यात भराव मुरमाचा करा, खणलेली काळी माती परत आत लोटू नका. जोता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंटीमीटर उंच हवा. पण रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, तेव्हा दोन-अडीच फूट धरलेला बरा.

जोता पूर्ण झाला की थांबा. वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रासह महापालिकेला जोत्याची सूचना द्या आणि तिची पोच घ्या. काही प्रकरणं अधिकारी जागेवर येऊन तपासतात. तपासणी झाली नाही तरी पोच तुमच्या फाइलमध्ये असली पाहिजे, कारण भोगवट्याच्या, म्हणजे घर वापरायला परवानगी देणाऱ्या प्रमाणपत्राच्या, वेळी ती मागतात. जोत्यात समास कमी निघाला तर तेव्हाच सुधारित नकाशा करा किंवा भिंत मागे घ्या. वरचे दोन स्लॅब पडल्यावर दोन्ही उपाय महाग.

९. स्लॅबआधीची तपासणी

ही तपासणी महापालिका करत नाही. ती तुमच्या संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या. कॉंक्रीट किमान एम-२० दर्जाचं. सळईखालचं कव्हर, म्हणजे सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांतला कॉंक्रीटचा थर, स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. कव्हरसाठी सिमेंटचे ठोकळे वापरा, खडीचे तुकडे नकोत. पाणी वाढवून ‘पातळ माल’ करायला मनाई करा. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात कॉंक्रीट डोळ्यांदेखत सुकतं, म्हणून स्लॅब पहाटे सुरू करा आणि पाणी किमान १० दिवस मारा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमचेही १४. सेंट्रिंगवाल्याला भाडं वाचवायचं असतं, त्याची घाई आपली नाही.

१०. हौद आणि सांडपाणी

पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे हौद नकाशातच दाखवा, पाया खणतानाच बांधा आणि सेप्टिक टाकीपासून लांब ठेवा. हद्दवाढ भागात ड्रेनेज लाइन नसेल तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा लागतो. टाकीची आतली रुंदी किमान ७५ सेंटीमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, क्षमता किमान १ घनमीटर. शोषखड्डा बोअर किंवा विहिरीपासून किमान १२ मीटर, यात शेजाऱ्याची बोअरही आली. खड्डा काळ्या मातीतच संपला तर पाणी मुरत नाही, पहिल्याच पावसाळ्यात अंगणात येतं. तो मुरमात उतरवा.

११. भोगवटा प्रमाणपत्र

रंग लागला, वास्तुशांत झाली, राहायला गेलो, म्हणजे काम संपलं असं वाटतं. भोगवटा राहूनच जातो. दहा वर्षांनी घर विकताना बँक पहिल्यांदा तोच मागते. काम पूर्ण झाल्यापासून एक महिन्याच्या आत पूर्णत्वाची सूचना द्यायची असते.

सोबत जोडायचं: वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला, संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, प्रत्यक्ष बांधलेल्या घराचा नकाशा, जोत्याच्या सूचनेची पोच, सगळ्या चलनांच्या पावत्या, घराचे चारही बाजूंनी फोटो.

पाहणीत अधिकारी काय पाहतात ते ठरलेलं आहे: समास मोकळे आहेत का, पार्किंग बंद केलं आहे का, गच्चीवर जादा खोली किंवा पत्र्याची शेड आहे का, सांडपाण्याची सोय झाली का, रस्त्यावरचा राडारोडा उचलला का. छोटा फरक असेल तर सुधारित नकाशाने आणि शुल्क भरून तो मिटू शकतो. समासात बांधलेली खोली मिटत नाही. तिच्यावर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते आणि मालमत्ता करावर शास्ती लागू शकते. कराची पावती मिळाली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असंही नसतं. कर अनधिकृत घरालाही लागतो.

भोगवटा हातात आला की त्याच आठवड्यात तीन अर्ज टाका: विभागीय कार्यालयात कर आकारणीसाठी, नळजोडासाठी, आणि महावितरणकडे बांधकामाचा तात्पुरता मीटर घरगुती दरात बदलण्यासाठी. तिसऱ्याला उशीर केला तर तेवढे महिने जास्तीच्या दराचं बिल येत राहतं.